आखाजीपर्यंत पाच बाटल्या

६ एप्रिल, रविवार

लेकीचा पुण्याहून फोन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस येतेय, आणि येण्याआधीच फर्माईश: हेझलनटची कोल्ड कॉफी. दिवाळीत ती एक बाटली घेऊन आली होती. सिरप संपलं, रिकामी बाटली मी फोडणीच्या तेलाला ठेवली. आज तिच्यावरचं लेबल चष्मा लावून वाचलं. साखर, पाणी, वासाचा अर्क, टिकवण्यासाठीचं रसायन. बस्स. साखर आणि पाणी अमळनेरात मिळतं. राहता राहिला वास.

सिरप कशाला, नुसती साखर का नको? तर गार दुधात साखर विरघळता विरघळत नाही. चमचा फिरवून हात दुखतो आणि शेवटी ग्लासाच्या बुडाशी दोन चमचे तशीच. आधीच पाण्यात विरघळवून ठेवली की प्रश्न मिटला. त्या पाण्यातच वासही उतरवून ठेवता येतो.

आखाजी ३० तारखेला, बुधवारी. दोन्ही नणंदा लेकरांसकट येणार, घरात तेरा माणसं. तोवर पाच बाटल्या तयार करायच्या. मी दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते, वहीत नोंद न करता काही करायची सवयच मोडली आहे. म्हणून ही वही.

७ एप्रिल, सोमवार

नुसता साखरेचा पाया. अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवायचं नाही, पाणी उडतं आणि हिशोब चुकतो. साधारण ८०० मिली भरलं. दुसऱ्या पातेल्यात अर्धा किलो साखरेला पाव लिटरच पाणी. ते साडेपाचशे मिलीच्या आसपास.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "हाई काय करी ऱ्हायनी वं?" म्हटलं, सिरप. त्यांनी बोट बुडवून चाखलं, अंगठ्यावर तार ओढून पाहिली, तार आली नाही. म्हणाल्या, पाक कच्चा आहे. आई, हा कच्चाच ठेवायचा असतो, एकतारी झाला तर फ्रीजमध्ये त्याची खडीसाखर होईल. त्यांना पटलं नाही.

शेजारच्या डाळिंबवाल्या काकांकडून ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम साखर) मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. त्याचं माप ३२ पर्यंतच. निम्मं साखर-निम्मं पाणी म्हणजे ५० ब्रिक्स, दुप्पट साखरेचं जवळजवळ ६७. मग एका वजनाला एक वजन पाणी घालून पातळ केलं आणि आकडा दुप्पट केला: २५ आला, म्हणजे ५०. दाट सिरपला दोन वजनं पाणी घालून तिप्पट: २२ त्रिक ६६. बरोबर. स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं असलं की हे यंत्र खोटं बोलतं, म्हणून थेंब आणि यंत्र दोन्ही देवघरात पंख्याखाली नेऊन मोजलं.

९ एप्रिल

वेलची: १२ वेलदोडे सालासकट ठेचून, ३०० मिली गरम पातळ सिरपमध्ये, झाकण ठेवून रात्रभर. उत्तम. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बडीशेप: बरी. चहात बरी, कॉफीत औषध.

दालचिनीची पूड घातलेलं सिरप सकाळी शेंबडासारखं बुळबुळीत. पुडीचा चिकट अंश पाण्यात फुगतो. फेकलं. अख्ख्या कांडीचं करून बघितलं तर ठीक.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

आज जे झालं ते केंद्रावर कुणाला सांगणार नाही.

परसातल्या कैऱ्या उकडून, गर गाळून, दाट सिरपमध्ये मिसळलं. रंग सुरेख, चव झकास. म्हटलं कैरीची कोल्ड कॉफी, अशी कुणी केली नसेल. कॉफी फेटली, म्हशीचं गार दूध ओतलं, वरून दोन चमचे कैरी. ढवळलं. ग्लासाच्या काठाला बारीक कण चिकटायला लागले. तोंडात घेतलं तर लस्सी, आणि त्यात कडू कॉफी. मग गरम दुधात करून पाहिलं. तिथे तर क्षणात चोथा वेगळा, पाणी वेगळं.

"दूध फाटी गयं ना? मी सांगेल व्हतं." आईंनी काहीच सांगितलेलं नव्हतं, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

लाज याची वाटते की उन्हाळाभर माझं काम हेच. परीक्षानळीत पाच मिली दूध, पाच मिली ६८ टक्क्यांचा अल्कोहोल, हलवायचं, नळीच्या काचेला कण दिसले की तो कॅन परत. एप्रिलात दुपारी उशिरा आलेली गाडी असली की शेतकरी आणि मी, दोघांचीही तोंडं आंबट. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.७; आकडा जितका कमी तितकं आंबट. आंबट होत होत तो ४.६ च्या आसपास आला की केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पाण्यात तरंगत राहू शकत नाही, एकमेकांना चिकटून खाली बसतं. दूध गरम असेल तर तितकं आंबट व्हायचीही वाट बघत नाही. कॉफी स्वतः आंबटच, पाचच्या आसपास. त्यावर कैरी म्हणजे फाटायला आलेल्या दुधाला धक्का. हे सगळं मला पाठ आहे, आणि मी कैरी ओतली.

पट्टी लावून मोजलं. कैरीच्या सिरपचा कागद लालभडक, तीनच्या घरात. शंभर मिली गार दुधात किती चालतं ते पाहिलं: ५ मिलीला दूध जाडसर, १० ला दही, १५ ला पुढे लिहायची गरज नाही.

कैरीचं सिरप फुकट गेलं नाही. २० मिली सिरप, १५० मिली सोडा, चिमूट काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आईंना दिलं. त्यांनी संपवलं आणि म्हणाल्या, "हाई ते पन्हं शे." रिफ्रॅक्टोमीटर, सामूची पट्टी, सहा दिवस, आणि शेवटी पन्हं.

१३ एप्रिल, रविवार

कालचा राग धरून आज गूळ. गुळाचं सिरप: २०० ग्रॅम गूळ, १५० मिली पाणी, विरघळवून फडक्यातून गाळलं (खाली उसाच्या चिपाडाचे तुकडे आणि बारीक वाळू). काळ्या कॉफीत हे सगळ्यात चांगलं. साखरेला फक्त गोडी असते. गुळाला खारटपणा आहे, जळका वास आहे, आणि चिकोरीवाल्या कॉफीशी तो जुळतो. आमच्या पाकिटावर चिकोरी ४९ टक्के छापलंय; कायद्याने कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, तिथपर्यंत कंपनीने नेलंय.

दूध उकळत असताना गुळाचं सिरप घातलं की फाटतं. गूळ कैरीएवढा आंबट नसला तरी थोडा आंबट आणि क्षारयुक्त असतो, आणि उकळतं दूध तेवढंही सहन करत नाही. यावर उपाय आईंनी दिला, आणि या वेळी खरंच आधी दिला: "च्या उतारीसन गूळ टाकना पडस." चहा उतरवून, दोन मिनिटं थांबून, मग गूळ. केलं. फाटलं नाही. तीनदा केलं.

१५ एप्रिल

हेझलनट. गावात ते कुठेही मिळालं नाही. किराणा दुकानदाराने बदाम पुढे केले आणि म्हणाला, हेच समजा.

समजत नाही म्हणून शेंगदाणे. खानदेशात घरात दुसरं काही नसलं तरी शेंगदाणे असतात. दीडशे ग्रॅम मंद आचेवर नेहमीपेक्षा जरा जास्त भाजले, करपू दिले नाहीत. सालं पाखडली, खलबत्त्यात जाडसर कुटले. मिक्सरमध्ये तेल सुटून लगदा होतो, तो गाळता येत नाही. ५०० मिली गरम पातळ सिरपमध्ये चार तास. सुती फडक्यातून गाळलं, पिळलं नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर तेलाचा पातळ थर आला, तो चमच्याने काढला. राहिला तर आठवड्यात खवट होईल.

वास भाजलेल्या दाण्याच्या चिक्कीचा. हेझलनट नव्हे. हेझलनटचा म्हणून जो खास वास आहे तो फिल्बर्टोन नावाच्या रसायनाचा. ते शेंगदाण्यात कुठून येणार? पण भाजल्यामुळे येणारे वास हेझलनटमध्ये, शेंगदाण्यात आणि कॉफीत बरेचसे एकाच घराण्यातले, म्हणून तोंडात भांडण होत नाही. गार दुधात फार चांगलं लागलं.

पन्नास ग्रॅम चारोळीचंही केलं, चोपड्याच्या बाजारातली, सातपुड्यातून येते ती. दाण्यापेक्षा नाजूक, लोण्यासारखी चव. पण चारोळीचा भाव बघता हे सिरप फक्त एकदा, लेकीच्या ग्लासात, आणि तिला न सांगता.

१६ एप्रिल

कॅरमेल. कोरड्या कढईत २०० ग्रॅम साखर, काही न घालता. आधी कडेने वितळते, मग पिवळी, मग तांबूस. धूर निघायच्या जरा आधी गॅस बंद करून पाणी घालायचं. मी नळाचं गार पाणी घातलं. कढईने ओरडून वाफ अंगावर फेकली, मनगटावर रुपयाएवढा फोड. साखर त्या वेळी १७० अंशांच्या आसपास असते, पाणी पडताच वाफ होतं. पाणी उकळतं हवं, थोडं थोडं, आणि हात लांब ठेवून लांब दांड्याचा डाव. दुसऱ्यांदा नीट झालं. कडवटपणा येईपर्यंत जाळलेलं कॅरमेलच कॉफीत कामाचं. फिकं सोडलं तर नुसता पाक.

१८ ते २२ एप्रिल: केळी

रावेरच्या नणंदेने एसटीने केळ्यांच्या दोन फण्या पाठवल्या. जळगाव जिल्ह्यात राहून केळीचं सिरप केलं नाही तर नाक कापलं जाईल. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिच्या सासरी पेढे वाटले होते. सासऱ्यांच्या काळात बसराई आणि श्रीमंती या जाती असायच्या. आता बहुतेक बाग जी-नाइनची.

पहिला प्रयत्न (१८ तारीख): तीन केळी मिक्सरला लावून सिरपमध्ये. रात्रीतून रंग चहाच्या चोथ्याचा झाला. फडक्यातून एक थेंब खाली येईना. केळ्यात पेक्टिन आणि थोडं स्टार्च, दोन्ही चिकट. वर, चिरलं की हवेने काळं पडणं हा त्याचा स्वभाव. फ्रीज भरलेला होता, म्हणून तो लगदा तसाच प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून ओट्याखालच्या कपाटात ठेवला. नंतर बघू म्हटलं.

दुसरा प्रयत्न (१९ तारीख): सालीवर काळे ठिपके आलेली केळी, ३०० ग्रॅम, चकत्या. त्यावर ३०० ग्रॅम साखर, थर देत, लिंबाचे चार थेंब. झाकून फ्रीजमध्ये चोवीस तास. साखर केळ्यातलं पाणी ओढून घेते, चकत्या आकसतात, खाली सोनेरी रस जमतो. १०० मिली गरम पाण्याने चकत्या धुऊन घेतल्या, चाळणीवर ठेवल्या, आणि हात लावला नाही. दाबलं की गढूळ होतं. आलेला रस दोन मिनिटं उकळला. साडेतीनशे मिलीच्या आसपास. उरलेल्या चकत्या पोरांनी तव्यावर तुपात परतून खाल्ल्या, त्यामुळे घरच्यांचा या प्रयोगाला पूर्ण पाठिंबा.

चव पिकल्या केळ्याची. गोळ्यांमध्ये येते तशी नाही. गोळ्यांतला तो टोचरा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा. खऱ्या केळ्यात तो असतोच, पण सोबतीला आणखी बरेच वास असतात म्हणून एकटा ओरडत नाही. कॉफीत केळी आणि कॅरमेल निम्मं निम्मं घातलं. आतापर्यंतची पहिल्या नंबरची कॉफी. दुधात काही त्रास नाही, चार थेंब लिंबाने काय बिघडतं.

२२ तारीख, रात्री सव्वादोन. स्वयंपाकघरात फट् असा आवाज. ह्यांना वाटलं मांजर. कपाटातली पहिल्या प्रयत्नाची बाटली फुगून तिचं झाकण उडालेलं, आतून कपाटाचं दार, वरची फळी आणि तीन स्टीलचे डबे केळ्याने माखलेले. चार दिवस चाळीस अंशांच्या घरात फळाचा गर ठेवला की यीस्ट दुसरं काय करणार. नंतर मोजलं तर ३८ ब्रिक्स. एवढ्या साखरेत ते आनंदाने वाढतं. दाट, ६५ च्या पुढचं सिरप असतं तर बहुतेक यीस्टचं चाललं नसतं. काचेची बाटली असती तर? नको ते.

सकाळी मुंग्यांची रांग अंगणातून थेट कपाटापर्यंत. आई एवढंच म्हणाल्या, की गोपाळकाला झाला.

२४ एप्रिल

वहीत नियम लिहून दारावर चिकटवला: फळाचं सिरप फ्रीजमध्येच, दोन आठवड्यांत संपवायचं. मसाल्याचं पातळ, फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे. बाटली काचेची, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं काढून, पूर्ण वाळवून. ओली बाटली म्हणजे बुरशीला आवतण. दाट सिरपमध्ये खडे धरू नयेत म्हणून सायट्रिक अॅसिडची चिमूट; हलवाई पाकात लिंबू पिळतो त्याचं कारण तेच, थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि मग खडा बांधला जात नाही.

दुपारी तीन तास लाइट नव्हती. फ्रीजचं दार कुणी उघडू नये म्हणून समोर खुर्ची लावून बसले.

आल्याचं सिरप. कच्चा रस पिळून सिरपमध्ये घातला आणि कोमट दुधात टाकला: फाटलं. हे आंबटपणाने नव्हे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा पाचक घटक असतो, झिंजिबेन, तो कोमट दुधात दह्यासारखी गाठ बांधतो. आलं पाच मिनिटं उकळलं की तो मरतो. उकळून केलेलं सिरप दुधात बिनधास्त.

वाळा. २० ग्रॅम मुळं धुऊन, गरम पाण्यात रात्रभर, मग साखर. बाजारात खसचं सरबत हिरवंगार असतं तो वरून घातलेला रंग आहे. वाळ्याचं पाणी पिवळट तपकिरी. (मुळं नवीन आणली. कूलरच्या ताट्यातली काढली का, असं ह्यांनी दोनदा विचारलं.) वाळ्याची कोल्ड कॉफी: पहिल्या पावसात ओल्या मातीवर बसून कॉफी प्याल्यासारखं. मला अतिशय आवडली. बाकी कुणालाही नाही.

२७ एप्रिल, रविवार

तालीम. अडचण अशी की तेरा माणसांत कोण कुठल्या ग्लासात काय ओतेल याचा नेम नाही. चिठ्ठ्या लावल्या तर आईंना वाचता येत नाहीत, आणि पोरं वाचत नाहीत. म्हणून दुधात न चालणाऱ्या बाटल्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधला. कैरीला दोरा. लिंबाला (काल केलं, लिहायचं राहिलं) दोरा. दाणे, केळी, कॅरमेल, वेलची, आलं, वाळा: मोकळे गळे. गुळावर बराच विचार केला. गार दुधात चालतं, उकळत्यात नाही. अर्धा दोरा कसा बांधणार? सोडून दिलं.

ह्यांची साखर सीमेवर आहे, डॉक्टरांनी सांभाळा सांगितलंय. म्हणून मोजलं: १५ मिली पातळ सिरपमध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास साखर, दाटमध्ये तेरा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. म्हणजे दाट सिरप घातलेले दोन ग्लास आणि दिवस संपला. ह्यांना ५ मिली, औषधाच्या झाकणाने मोजून. पातळ सिरपच करायचं हे आजच ठरलं. वास तेवढाच, साखर कमी.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी घागर भरली, वर खरबूज, सांजोऱ्या. दुपारी आमरस, खापरावरची पुरणपोळी, रशी, कुरडया. एवढं जेवल्यावर गोड कॉफी कोण पिणार? माझ्या तेवीस दिवसांत हा विचार एकदाही आला नाही. तीन वाजेपर्यंत सगळं घर आडवं.

चार वाजता आधी संपली ती कैरी. सोडा, काळं मीठ, बर्फ. तेरा माणसांत पन्हं दीड लिटर. कॉफीला कुणी विचारेना.

नणंदा झाडाखाली झोक्यावर, आखाजीची गाणी चालू, लेक फ्रीजसमोर. तिला चारोळीचं दिलं, काही न बोलता. एक घोट घेऊन म्हणाली, "मम्मी, हे हेझलनट कुठून आणलंस?" मी म्हटलं, चोपड्याहून. खोटं काय बोलले?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कॉफीची मागणी आली. केळी-कॅरमेल सगळ्यात जास्त गेली, दाणे दुसरे. रावेरच्या भाच्याने दोरा बघूनही कैरी दुधात ओतली, "बघू तर काय होतं" म्हणून. झालं ते झालं. त्याच्या आईने तो ग्लास त्यालाच प्यायला लावला.

३ मे, शनिवार

हिशोब. साखर पावणेचार किलो, त्यातली पाव किलो तरी कपाटाच्या दारावर. वेलची संपली. दाण्याचं सिरप १२० मिली शिल्लक, वास अजून ताजा. लेकीने जाताना कॅरमेल नेलं, बाटली टॉवेलात गुंडाळून. वाळा जवळजवळ पूर्ण शिल्लक, माझ्यासाठी.

५ मे, सोमवार

सकाळी चहाला गूळ काढायला गेले तर गुळाच्या डब्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला. गाठ ढिली. दोऱ्याचं एकच टोक बांधलंय, दुसरं लोंबकळतंय.

आईंना विचारलं. म्हणाल्या, अर्धाच बांधलाय.